कारळ्याचं गोत्र

सदाशिव पेठेतल्या वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज वाचण्यासारखा असतो. जन्मवेळ, रास, नक्षत्र, चरण, नाडी, गण, मंगळ, गोत्र. मग शिक्षण, पगार, स्वतःची जागा, परदेशी जायची तयारी. आणि अलीकडे रक्तगट. यातल्या बहुतेक रकान्यांना पळवाट असते. मंगळ सौम्य निघतो. उंची दोन बोटं वाढवून लिहिली जाते. नाडी आणि गोत्र हे दोनच रकाने असे, की जिथे जुळणं हाच दोष. त्यातही एकनाडीवर गुरुजी काही तोड काढून देतात. गोत्राचा रकाना एका शब्दाचा आणि हट्टी. मुलगी आवडली, घर आवडलं, पत्रिका जमली, आणि शेवटी दोन्हीकडे ‘काश्यप’ निघालं की जुन्या वळणाच्या घरात विषय तिथेच संपायचा.

त्याच पेठेतल्या घरगुती चटण्यांच्या दुकानात शेंगदाणा, तीळ आणि जवस यांच्या शेजारी कारळ्याच्या चटणीची काळपट पाकिटं असतात. कारळे कुणी खुरासणी म्हणून ओळखतं, कुणी रामतीळ म्हणून. भाजून, सुकं खोबरं, लसूण आणि मिरची घालून कुटले की ज्वारीच्या भाकरीला दुसरं काही लागत नाही. भरल्या वांग्यात कारळ्याचं कूट पडलं की वांग्याचा मान वाढतो. हे काळे, चकचकीत, बारीक दाणे सूर्यफुलाच्या कुळातले. कारळे हे गोत्र पाळणारं पीक आहे असं म्हटलं तर वनस्पतिशास्त्रज्ञ हसतील आणि गुरुजी रागावतील. पण दोघांनाही ते खोडून काढायला थोडा वेळ लागेल.

कारळ्याची शेती पेठांपासून लांब चालते. इगतपुरी, सुरगाणा, पेठ, अकोले अशा डोंगराळ तालुक्यांत, भात जिथे चढत नाही अशा उतारावर, हलक्या जमिनीत पावसाळ्यात ते पेरतात. पावसाच्या अखेरीला ते उतार पिवळे होतात. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर फुलांचा गुच्छ असतो: कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी आठेक मादी फुलं आणि मधोमध चाळीस-पन्नास बारीक नळीसारखी फुलं, ज्यांत पराग आणि कुक्षी दोन्ही असतात. म्हणजे वरसंशोधनाला बाहेर जायची गरजच नाही, इतकी सोय एका गुच्छात आहे. तरीही एकटं कारळ्याचं झाड जाळीत झाकून ठेवलं, तर त्याला दाणे जवळजवळ धरतच नाहीत. पराग सशक्त असतो, बीजांड सशक्त असतं. शेजारच्या झाडाचा पराग आला की तीच कुक्षी त्याला आत घेते. स्वतःच्या परागाला मात्र ती दारातच थांबवते.

वनस्पतींच्या या वागण्याला स्वविसंगती म्हणतात. अठराव्या शतकात कोलरॉयटर या जर्मन निसर्गतज्ज्ञाला ते एका फुलझाडात दिसलं होतं. डार्विनने 1876 साली परपरागण आणि स्वपरागण यांच्या परिणामांवर एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला, त्यामागे अकरा वर्षांचे प्रयोग होते. जाता जाता एक गोष्ट. डार्विनची बायको एमा ही त्याची सख्खी मामेबहीण. मुलांच्या प्रकृतीची काळजी त्याला आयुष्यभर पोखरत राहिली. चुलत-मामे भावंडांच्या लग्नांविषयी 1871 च्या जनगणनेत प्रश्न विचारावा म्हणून त्याने खटपट केली आणि पार्लमेंटने ती फेटाळली. कुंड्यांतल्या रोपांवर वर्षानुवर्षं पराग टाकत बसलेल्या माणसाला नेमकं काय जाणून घ्यायचं होतं, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

झाड स्वतःला ओळखतं कसं? आरशात पाहून नव्हे. बहुतेक ठिकाणी गुणसूत्रावरची एकच जागा हे काम करते. शास्त्रज्ञ तिला ‘एस’ म्हणतात. या जागेवरच्या जनुकांची अनेक पर्यायी रूपं असतात: एस-एक, एस-दोन, एस-तीन अशी. झाडाकडे त्यांतली दोन असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. परागाची खूण आणि कुक्षीची खूण एक निघाली की नकार. तंबाखू-बटाट्याच्या कुळात परागकणाला त्याच्या स्वतःच्या एकट्या खुणेवरून पारखलं जातं. तो कुक्षीवर रुजतो, त्याची नळी खाली उतरू लागते, आणि अर्ध्या वाटेत कुक्षिवृंतातलं एक विकर आतलं आरएनए तोडून तिला संपवतं. मोहरीच्या कुळात आणि सूर्यफुलाच्या कुळात, म्हणजे कारळ्यातही, रीत वेगळी आहे. तिथे परागकणाच्या आत काय आहे हे कुणी विचारत नाही. त्याला जन्म देणाऱ्या झाडाच्या खुणा पाहिल्या जातात. मोहरीत हे कसं घडतं ते उलगडलं आहे: परागकोशाचं अस्तर एक बारीक प्रथिन तयार करतं, ते परागाच्या अंगाला बाहेरून माखलेलं असतं, आणि कुक्षीच्या पेशीवरचं दुसरं प्रथिन ते हुंगतं. जुळलं, की कुक्षी परागकणाला पाणी देत नाही. तो तिथेच कोरडा पडून राहतो. स्वतःत बापाची अर्धीच खूण असली तरी पारख होते ती बापाच्या पूर्ण ओळखीवर. गोत्राशी याचं नातं मला पहिल्यांदा इथे दिसलं.

चित्पावनांची गोत्रं चौदा. प्रवर, म्हणजे गोत्राबरोबर उच्चारले जाणारे ऋषी, जुळतात म्हणून त्यांचे सात गण पडतात: वासिष्ठ आणि कौंडिण्य एकत्र, काश्यप आणि शांडिल्य एकत्र, गार्ग्य, कपि आणि भारद्वाज एकत्र, अत्रि एकटे. एका गणात सोयरीक नाही. सगळे गण सारख्या संख्येचे धरले तर सातांतलं एक स्थळ आपोआप बाद होतं. तीन नाड्यांचा हिशोब त्याहून कडक, तिथे तिनांतलं एक. तंबाखूच्या रीतीत तर किमान तीन खुणा असल्याशिवाय गाडं चालूच शकत नाही, आणि तिनांवरच चाललं तर परागाचे तिनांतले दोन वाया जातात. पण खुणा वाढल्या की नकार झपाट्याने कमी होतो. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या ऑर्गन पर्वतात ईनोथेरा या फुलझाडाची एक जात वाढते. 1930 च्या दशकात एमर्सन नावाच्या संशोधकाने तिच्या खुणा मोजल्या. अख्ख्या जगात तिची झाडं पाचशेच्या आसपास असावीत असा तेव्हाचा अंदाज होता, आणि खुणा निघाल्या 45. एवढ्याशा वस्तीत इतकी विविधता टिकली कशी, यावर स्यूअल राइटने 1939 साली गणित मांडलं. त्याचं मर्म साधं आहे. जी खूण दुर्मिळ, तिला नकार देणाऱ्या कुक्षी थोड्या, म्हणून तिचा पराग जास्त ठिकाणी फळतो आणि ती वाढते. वाढली की नकार वाढतात आणि ती पुन्हा आटोक्यात येते. या व्यवस्थेत अल्पसंख्य असणं फायद्याचं असतं आणि कुणी कायमचं बहुसंख्य होऊ शकत नाही.

गोत्राला हे जमत नाही. नित्युंदनसारख्या दुर्मिळ गोत्राच्या मुलाला स्थळं चार जास्त सांगून येतील, पण त्यामुळे त्याला मुलं जास्त होत नाहीत. साम्य इथे तुटतं, आणि ते तुटू द्यावं. तुलना फार ताणली की दोन्ही टोकांचं नुकसान होतं.

मात्र एका बाबतीत साम्य अधिकच घट्ट होतं. दोन्ही नियम खूण वाचतात, नातं वाचत नाहीत. एस-एक, एस-दोन खुणांच्या झाडाचा एस-तीन, एस-चार खुणांच्या झाडाशी संकर केला तर चार प्रकारची मुलं होतात. त्यांतली एक-तीन खुणांची बहीण आणि दोन-चार खुणांचा भाऊ यांच्यात नियमाची काहीही आडकाठी नाही. सख्खी भावंडं बेलाशक फळतात. उलट दूरच्या डोंगरावरचं, कधीही नात्यात न आलेलं झाड त्याच खुणांचं निघालं तर बाद. गोत्राचंही तेच. तंजावरचा काश्यप आणि काश्मीरचा काश्यप यांच्यात हजार वर्षांत कुणी सोयरा झाला नसेल, तरी ते सगोत्र. आणि सख्ख्या मामाची मुलगी दुसऱ्या गोत्राची असतेच, त्यामुळे गोत्र तिला अडवत नाही. देशस्थांत तर ते लग्न रीतीचंच. शास्त्रकारांना ही फट दिसली होती. म्हणून त्यांनी गोत्राच्या जोडीला सापिंड्य आणलं, बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांचं. 1946 च्या कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठी काढून टाकली, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्य पाच आणि तीन पिढ्यांवर आणून ठेवलं. कायद्याने खूण सोडली, नातं ठेवलं. जनुकशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर निवड बरोबर होती.

पेठेतल्याच भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना 1910 साली ज्यांनी केली, त्या राजवाड्यांनी पुढे विवाहसंस्थेच्या इतिहासात हात घातला. जवळच्या नात्यातले संबंध निषिद्ध ठरण्याआधीचा काळ कसा असेल, याचा माग ते वैदिक वाङ्मयातून काढत होते. पुण्याला ते रुचलं नाही. निषेध हा अनादी नाही, तो कधीतरी घडला आणि त्याला कारणं होती, हे ऐकून घेणं निषेध पाळण्यापेक्षा अवघड जातं. वनस्पतींतही स्वतःला नाकारण्याची कला एकदाच आली नाही. निरनिराळ्या कुळांत ती निरनिराळ्या प्रथिनांतून स्वतंत्रपणे घडली आणि असंख्य वेळा गमावली गेली. पण जिथे टिकली तिथे तिच्या खुणा अचाट जुन्या आहेत. 1990 साली तंबाखू आणि पेट्युनिया यांच्या खुणांची तुलना झाली, तेव्हा तंबाखूची एखादी खूण तिच्याच जातीतल्या दुसऱ्या खुणेपेक्षा पेट्युनियातल्या खुणेला जवळची निघाली. जाती वेगळ्या होण्याआधी खुणा वेगळ्या झाल्या होत्या. एकच काश्यप गोत्र किती जातींत सापडतं हे आठवून कुणाला मोह होईल. पण गोत्रं पुष्कळ ठिकाणी मागाहून स्वीकारलेली आहेत, परागाच्या खुणा कुणी स्वीकारत नाही.

आता नकाशाकडे येऊ, कारण या विषयातली मला सर्वांत आवडणारी विसंगती तिथे आहे. जनुकांचा नकाशा प्रथम काढला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाच्या विद्यार्थ्याने. 1911 साली एका रात्री, गृहपाठ बाजूला सारून. प्रसिद्ध झाला 1913 मध्ये. युक्ती अशी: आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं पुढच्या पिढीत जाताना एकमेकांत तुकडे बदलतात. दोन जनुकं जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. म्हणून संततीत ताटातूट किती वेळा झाली ते मोजायचं आणि तेच अंतर समजायचं. फूटपट्टी नाही, सूक्ष्मदर्शक नाही. फक्त वंशावळ आणि गणती. कुलवृत्तांतांनी भरलेली कपाटं ज्या गावात आहेत, तिथे ही पद्धत कुणाला परकी वाटू नये.

पण ही पद्धत मिसळण्यावर उभी आहे. जिथे अदलाबदल नाही तिथे नकाशा मुका होतो. आणि पिकांच्या गुणसूत्रांवर अदलाबदल जिथे दडपलेली असते अशा जागांत ‘एस’ची जागा ठळक. बटाट्यात ती पहिल्या गुणसूत्रावर आहे. तिथे परागाची खूण आणि कुक्षीची खूण शेजारी बसलेल्या असतात, आणि त्यांची ताटातूट होऊन चालत नाही. झाली तर झाड स्वतःला ओळखायचं विसरेल. म्हणून तो पट्टा पिढ्यान्‌पिढ्या अखंड जातो. डीएनएच्या लांबीत तो मोठा असतो, नकाशावर मात्र एका ठिपक्यात आकसतो. उरलेल्या सगळ्या जनुकांना परक्यांत मिसळायला लावणारी जागा स्वतः कुणातही मिसळत नाही. मला हे वाचून पेठेतल्या काही सुधारकांची आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

दुसरी अडचण संशोधकाची. नकाशासाठी सोपा मार्ग म्हणजे दोन शुद्ध वाणांचा संकर करायचा आणि त्याच्या संततीला स्वतःशीच फळवायचं. कारळे याला तयार नाही. त्यात शुद्ध वाण करणंच कठीण, कारण शुद्धता येते ती स्वपरागणाच्या पिढ्यांतून. म्हणून अशा पिकांत मिश्र आईबापांच्या थेट मुलांतूनच आडवळणाने नकाशा काढतात, किंवा झाडाला फसवतात. कळी उमलण्याआधी दोन-चार दिवस उघडून तिच्यावर तिचाच पराग टाकायचा. कोबी-फुलकोबीत कुक्षीचं ओळखणारं प्रथिन तोवर पुरेसं तयार झालेलं नसतं. काही ठिकाणी याच कामासाठी हरितगृहात कार्बन डायऑक्साइड सोडतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानी बियाणे कंपन्यांनी याच नकाराचं सोनं केलं: स्वतःला नाकारणाऱ्या दोन वाणांच्या ओळी आलटून पालटून लावल्या की जे बी धरतं ते सगळं संकरित, एकही फूल हाताने खुडावं लागत नाही.

आणि कधी कधी नकाराचाच बिघाड हाती लागतो. आपल्याकडची पिवळी सरसों स्वतःचा पराग स्वीकारते, तिच्या जवळच्या बहिणी स्वीकारत नाहीत. तो बिघाड नकाशावर शोधत जपानी संशोधक 2004 साली कायनेज प्रकारच्या एका विकरापर्यंत पोचले. एका अमिनो आम्लाच्या फरकाने नकार मुका झाला होता. बटाट्याची गोष्ट याहून मोठी. आंबेगावच्या सातगाव पठारावर पिकतो तो बटाटा चार संचांचा, 48 गुणसूत्रांचा, आणि त्याची पैदास डोळ्यांवरून, म्हणजे कंदांवरून. दोन संचांच्या बटाट्यातून संकरित बियाणं करायचं तर आधी त्याचा नकार घालवायला हवा. एका जंगली बटाट्यात तो घालवणारं जनुक सापडलं, ते बाराव्या गुणसूत्राच्या टोकाशी असल्याचं 1990 च्या दशकात कळलं, आणि प्रत्यक्ष जनुक हाती आलं ते 2021 मध्ये. परागात राहून ते कुक्षिवृंताच्या अनेक विकरांना निकामी करतं. ट्रकभर कंदांऐवजी मूठभर बी, असं स्वप्न त्यावर उभं आहे.

गोत्राच्या बाहेरची भिंत मात्र राहून गेली. सदाशिव पेठेतला अर्ज फक्त ‘आपलं नको’ एवढंच म्हणत नाही; वरच्याच ओळीत जात आणि पोटजात आहे, आणि तिथे ‘आपलंच हवं’. आत एक कुंपण, बाहेर दुसरं, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात संसार. इरावती कर्व्यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ 1953 साली प्रसिद्ध केलं. मल्होत्रा या सहसंशोधकाबरोबर 1968 साली त्यांनी महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना मांडली. एका नावाखाली बसणाऱ्या जाती एकाच झाडाच्या फुटलेल्या फांद्या आहेत हे गृहीत त्यांना मान्य नव्हतं. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या आणि हार्वर्डमधल्या संशोधकांनी जनुकांवरून दाखवलं की या देशात सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी भरपूर सरमिसळ झाली आणि मग ती थांबली. गोत्र बापाच्या एका रेषेवर पहारा देतं. पण बंद वस्तीत बाकीच्या रेषा हळूहळू एकमेकींवर येऊन बसतात, आणि रक्तगटाचा रकाना त्यावर काही करू शकत नाही.

कारळ्याला बाहेरचं कुंपण एवढंच, की परजातीचं चालत नाही. मूळ इथिओपियातलं हे पीक समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं आणि तरीही नकार घेऊनच आलं. यावरून एक निष्कर्ष निघतो. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बेकरचं 1955 पासूनचं म्हणणं असं, की दूरदेशी एकट्याने जाऊन वसणारी झाडं बहुधा स्वतःशी फळू शकणारी असतात, कारण तिथे जोडीदार नसतो. कारळे त्याला अपवाद असतील तर ते एकटे आलेच नाहीत. खुणांचा गोतावळा पुरेल इतकं बी बरोबर आलं असणार, गोणी-गोणीने, नाहीतर पहिल्याच हंगामात उतार पिवळा होऊन दाण्याविना वाळला असता. आज ते अमेरिकेत पाखरांचं खाद्य म्हणूनही जातं. अमरवेलीचं बी जिवंत पोचू नये म्हणून तिथे ते उष्णतेने निर्जीव करूनच आत घेतात.

आपल्याकडे कारळ्याचं उत्पन्न हेक्टरी जेमतेम तीन क्विंटलांच्या घरात. 2025-26 साठी हमीभाव क्विंटलला 9,537 रुपये, सोयाबीनच्या जवळजवळ पावणेदोन पट, तरी शेतकरी वळत नाही. हलकी जमीन, तुटपुंजी निगा, आणि मधमाशीवर पूर्ण भिस्त. आग्या, सातेरी, फुलोरी आल्या तर दाणा, नाहीतर भूस. म्हणून स्वतःशी फळणारे कारळे निवडावेत हा विचार इथिओपिया-स्वीडनच्या संशोधकांनी धरला आणि तशी झाडं त्यांना मिळालीही. शुद्ध वाण होतील, नकाशा सोपा होईल, उत्पन्न कदाचित स्थिर होईल. माझं मत विचाराल तर घाई नको. हा नकार एकदा गेला की उत्क्रांतीत तो परत मिळवल्याची उदाहरणं जवळजवळ नाहीत, आणि मधमाश्या कमी झाल्या हे कारळ्याचं दुखणं नाही, आपलं आहे. केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था 1962 पासून पुण्यातच आहे. कारळ्याच्या बांधावर पेट्या ठेवणं जनुक बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल. शिवाय असा वाण आला तरी तो शेजारच्या कारळ्याचा पराग नाकारणार नाही, नाकारायचं तर तो विसरलेला असेल. तो शुद्ध राखायचा तर सुरगाण्याच्या बियाणे-प्लॉटला जाळी घालावी लागेल, किंवा आसपासच्या सगळ्यांना त्या वर्षी कारळे पेरू नका म्हणून सांगावं लागेल.